टेकडी उतरलेला सैनिक

अमेरिकेत निवृत्त सैनिक मरण पावला की त्याच्या शवपेटिकेवर राष्ट्रध्वज अंथरतात. दफनाच्या वेळी दोन सैनिक तो ध्वज उचलून त्याची त्रिकोणी घडी घालतात आणि कृतज्ञ राष्ट्राच्या वतीने ती घडी त्याच्या पत्नीच्या वा मुलाच्या हाती देतात. विधी साधा आणि गंभीर आहे. त्याची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. आमचा प्रश्न एवढाच, की दोन-चार वर्षे गणवेश अंगावर चढविलेल्या माणसाने पुढची पंचवीस-तीस वर्षे पोलादाच्या भट्टीसमोर काढली असतील, तर त्या वर्षांची घडी कोण घालतो आणि कोणाच्या हाती देतो? कंपनीचा माणूस दफनभूमीत येत नाही. पुष्कळदा तोवर कंपनीच उरलेली नसते.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास एक निमित्त घडले आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेची सुप्रसिद्ध यू.एस. स्टील ही कंपनी जपानच्या निप्पॉन स्टीलने विकत घेतली. सौदा सुमारे १५ अब्ज डॉलरचा. त्याला संमती देताना अमेरिकी सरकारने स्वतःसाठी एक ‘सुवर्ण-समभाग’ राखून ठेवला. या एका समभागाच्या बळावर कंपनीचे मुख्यालय हलविणे, उत्पादन वा रोजगार देशाबाहेर नेणे, ठरावीक मुदतीच्या आत कारखाने बंद करणे अशा निर्णयांना अध्यक्ष नकार देऊ शकतात. आपल्या वृत्तपत्रांनी ही बातमी व्यापाराच्या पानावर छापली आणि ती तिथेच संपली. आम्हांला मात्र ती वाचून एड मॅन यांची आठवण झाली. कारण कंपनीच्या निर्णयात बाहेरच्या कोणाला बोलण्याचा अधिकार असावा, ही मागणी याच यू.एस. स्टीलकडे ४५ वर्षांपूर्वी केली गेली होती. ती करणारे कामगार होते. आणि तसा अधिकार कायद्यात बसत नाही, असे उत्तर त्यांना न्यायासनावरून मिळाले होते.

एड मॅन यांचा जन्म १९२८ चा. तरुणपणी ते अमेरिकेच्या मरीन दलात होते. मरीन म्हणजे तिकडे शौर्याची परिसीमा मानली जाते. पुढे ओहायो राज्यातील यंगस्टाउन या गावी, महोनिंग नदीच्या काठच्या पोलाद कारखान्यांपैकी ब्रायर हिल या कारखान्यात ते रुजू झाले. हा कारखाना यंगस्टाउन शीट अँड ट्यूब या कंपनीचा. तिथे ओपन हार्थ भट्ट्यांवर त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली आणि पोलाद कामगार युनियनच्या स्थानिक शाखा क्रमांक १४६२ चे ते अध्यक्ष झाले. जॉन बार्बेरो हे त्यांचे सहकारी. तेही माजी मरीनच. दोघेही स्वतःस उघडपणे समाजवादी म्हणवीत, आणि ते शीतयुद्धाच्या भर काळात, जेव्हा त्या शब्दाने अमेरिकेत माणसाची नोकरी जात असे. कोरियाच्या युद्धाला त्यांनी विरोध केला. व्हिएतनामच्या युद्धालाही केला. यंगस्टाउनमध्ये १९५० च्या दशकातही पोहण्याचे सार्वजनिक तलाव गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होते. त्या वर्णभेदाविरुद्ध आणि कारखान्याच्या आतील वर्णभेदाविरुद्ध हे दोघे गोरे कामगार उभे राहिले. हे शेवटचे काम सर्वांत अवघड. मालकाविरुद्ध उभे राहताना कामगार पाठीशी असतो. कामगाराच्या पूर्वग्रहाविरुद्ध उभे राहताना तोच समोर असतो.

युद्धविरोधकांत माजी सैनिक असला की चळवळीला हायसे वाटते. ‘तुम्ही देशासाठी काय केले?’ या ठरलेल्या सवालाला परस्पर उत्तर मिळते. आमच्याकडील मंडळीही सभेच्या व्यासपीठावर एखादा निवृत्त सुभेदार आवर्जून बसवितात. ही सोय आम्हांस मान्य नाही. युद्ध नको म्हणण्याचा हक्क मिळवण्यासाठी आधी युद्धावर जाऊन यावे लागत असेल, तर तो हक्क राहत नाही, ते बक्षीस ठरते. आणि बक्षीस देणारा ते काढूनही घेतो. मॅन यांचे मोल ते मरीन होते म्हणून वाढत नाही. मरीन दलात शिकविलेली आज्ञाधारकता त्यांनी कारखान्याच्या दारात उतरवून ठेवली, यात ते आहे.

एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. ओपन हार्थ भट्ट्यांच्या तळाशी मालमोटारी मागे-पुढे करीत असत. मोटार मागे येताना इशारा देणारे यंत्र तीवर बसवावे, अशी लेखी तक्रार युनियनने केली होती. कंपनीने ती फेटाळली. पुढे निवृत्तीला थोडेच दिवस उरलेला एक कामगार मागे येणाऱ्या मोटारीखाली चिरडून मेला. त्या पाळीच्या कामगारांना मॅन यांनी एकेक फेटाळलेली तक्रार मोजून दाखविली आणि सर्वांना घेऊन ते बाहेर पडले. हा संप करारभंग होता, बेकायदा होता. परंतु भट्ट्या थंड पडू लागल्यावर कंपनीस सुरक्षेचे महत्त्व कळले. तक्रारीचा जो कागद महिनोन्‌महिने हलत नव्हता तो हलला. त्याच काळात, १९७३ साली, युनियनचे वरिष्ठ नेतृत्व मात्र राष्ट्रव्यापी संपाचा हक्क सोडून देणारा करार कंपन्यांशी करून मोकळे झाले होते. त्या करारावर सामान्य सभासदाचे मतही कोणी घेतले नाही.

आता थोडे मागे जाऊ. १९५२ साली कोरियाचे युद्ध चालू असताना पोलाद कामगारांच्या संपाची वेळ आली. रणांगणास पोलाद कमी पडेल म्हणून अध्यक्ष ट्रुमन यांनी ८ एप्रिल रोजी देशातील प्रमुख पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. कंपन्या न्यायालयात गेल्या. २ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो हुकूम रद्द केला. अमेरिकी राज्यघटनेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा खटला पाठ असतो, आणि त्याचे नाव आहे ‘यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनी विरुद्ध सॉयर’. म्हणजे मॅन यांच्याच कारखान्याची मालक कंपनी. सॉयर हे तत्कालीन व्यापारमंत्री. या निकालाचा अर्थ पुष्कळदा असा सांगितला जातो की सरकारला कारखान्यास हात लावता येत नाही. न्यायालय तसे म्हणाले नव्हते. अध्यक्षाला एकट्याला तो अधिकार नाही, त्यासाठी कायदेमंडळाने कायदा केला पाहिजे, असे ते म्हणाले होते. तेव्हा मार्ग बंद नव्हता. फक्त त्या मार्गाने जाण्याची गरज युद्धकाळातच भासत असे.

सोमवार, १९ सप्टेंबर १९७७. यंगस्टाउन शीट अँड ट्यूबने कॅम्पबेल येथील कारखान्याचा मोठा भाग बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे ५००० माणसांचे काम एका निवेदनाने गेले. गावाने त्या दिवसास ‘काळा सोमवार’ हे नाव दिले. ही कंपनी १९६९ मध्ये लाइक्स नावाच्या जहाज-धंद्यातील मंडळींनी गिळली होती, आणि गिळताना काढलेले कर्ज फेडण्यासाठी ज्या गायीची धार काढायची तिलाच चारा घालणे त्यांनी बंद केले होते. पुढे लाइक्स एल.टी.व्ही. या आणखी मोठ्या माशाच्या पोटात गेली, आणि डिसेंबर १९७९ मध्ये ब्रायर हिलही थांबले. मॅन यांची निवृत्ती ही अशी झाली. समारंभ, घड्याळ, हारतुरे काही नाही. कारखानाच निवृत्त झाला.

दरम्यान गावातील धर्मगुरूंनी एकत्र येऊन कारखाना गावाच्या व कामगारांच्या मालकीने चालविण्याची योजना आखली. सरकारकडे त्यांनी देणगी मागितली नाही. २४ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जाला हमी मागितली. कार्टर यांच्या सरकारने मार्च १९७९ मध्ये ती नाकारली. रक्कम फार मोठी होती म्हणून? १९७१ मध्ये याच देशाच्या काँग्रेसने बुडू पाहणाऱ्या लॉकहीडला, म्हणजे लढाऊ विमाने बनविणाऱ्या कंपनीला, २५ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती. जानेवारी १९८० मध्ये कार्टर यांनीच क्रायस्लर मोटार कंपनीसाठी १५० कोटी डॉलरच्या हमीवर सही केली. खासगी भांडवलात सरकारने हात घालू नये, हे तत्त्व लॉकहीडच्या दारी गप्प बसते, क्रायस्लरच्या दारी डोळे मिटते आणि कामगारांच्या सहकारी योजनेच्या दारी येताच त्याला कंठ फुटतो.

नोव्हेंबर १९७९ मध्ये यू.एस. स्टीलने आपल्याही अनेक कारखान्यांची बंदी जाहीर केली. त्यांत यंगस्टाउनचे कारखाने होते. सुमारे ३५०० माणसे. २८ जानेवारी १९८० रोजी शाखा क्रमांक १३३० च्या सभागृहात सभा भरली. हे सभागृह टेकडीवर, आणि पायथ्याशी कंपनीच्या कचेरीची इमारत. पुढाऱ्यांची भाषणे झाली. संयम, सहकार्य, प्रयत्न चालू आहेत, वगैरे. मग मॅन उठले. गुलामगिरीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या १८५७ सालच्या भाषणातील उतारा त्यांनी वाचून दाखविला. झगडा नको आणि स्वातंत्र्य मात्र हवे, असे म्हणणाऱ्यांचा समाचार घेणारा तो उतारा. आणि मग ते म्हणाले की मी ही टेकडी उतरून त्या इमारतीत शिरणार आहे. ज्याला यायचे नसेल त्याने येऊ नये.

शेकडो माणसे टेकडी उतरली. बायका होत्या, मुले होती. कचेरीच्या वरच्या मजल्यावर अधिकाऱ्यांच्या करमणुकीची खोली निघाली. तीत बिलियर्डचे टेबल. त्या हिरव्या टेबलावर कोणा कामगाराच्या तान्ह्या बाळाचे ओले दुपटे बदलण्यात आले. यंगस्टाउनच्या लढ्याची आठवण निघाली की आमच्या डोळ्यांपुढे तेवढेच येते. ज्या मजल्यावर त्यांच्या गावाचा निकाल लागला तिथे एका दुपारपुरते का होईना, एक मूल आपल्या घरासारखे निजले.

त्याच दिवशी संध्याकाळी ही माणसे बाहेर पडली. कंपनी बोलणी करण्यास तयार आहे, असा शब्द मिळाला होता आणि तिथल्या शाखेच्या अध्यक्षांनी ठिय्या उठविला. आमच्या मते ही चूक झाली. बोलणी ही चार भिंतींत होणारी गोष्ट. ती कोणाच्या भिंतींत होतात यावर पुष्कळ अवलंबून असते.

मग न्यायालय. इतिहासकार व वकील स्टॉटन लिंड यांनी कामगारांची बाजू लढविली. कारखाना फायद्यात आणा, तो चालू राहील, असे आश्वासन कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पुन्हा पुन्हा दिले होते. कामगारांनी त्यावर विसंबून सवलती दिल्या, राबणूक वाढविली. कारखाना फायद्यात आलाही. परंतु फायदा म्हणजे काय, हे कोण ठरविणार? कामगारांनी कारखान्याचे उत्पन्न आणि कारखान्याचा खर्च यांची वजाबाकी केली. कंपनीने त्यात मुख्य कचेरीचा पसाराही मिळविला. न्यायालयाने कंपनीची वजाबाकी स्वीकारली. न्यायमूर्ती लॅम्ब्रॉस यांनी सुनावणीत एक विचार बोलून दाखविला होता: एका गावाचे सारे जीवन पिढ्यान्‌पिढ्या एका उद्योगाभोवती उभे राहिले असेल, तर त्या दीर्घ संबंधातून गावालाही काही मालकीसारखा हक्क प्राप्त होत असावा. काही आठवड्यांनी निकाल देताना, असा हक्क कायद्यात कुठे आढळत नाही, असे त्यांनीच लिहिले. वरच्या न्यायालयाने हळहळ व्यक्त करून तो निकाल कायम केला. सहृदय न्यायाधीशाची ही शोकांतिका आपल्यालाही अपरिचित नाही.

२८ एप्रिल १९८२ रोजी यू.एस. स्टीलने आपल्या यंगस्टाउनच्या कारखान्यातील झोतभट्ट्या सुरुंग लावून पाडल्या. त्यांच्या आधुनिकीकरणास पैसा नव्हता म्हणे. पण त्याच वर्षाच्या आरंभी कंपनीने मॅरॅथॉन ही तेल कंपनी ६०० कोटी डॉलरांहून अधिक मोजून पदरात पाडून घेतली होती. त्याच जानेवारीत इकडे मुंबईत अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते, आणि जुन्या मागांत पैसा न घालता तो दुसरीकडे वळविणारे मालक गिरणगावालाही नवे नव्हते. फरक असा, की कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचा बंद पडलेला कारखाना १९८० च्या दशकाच्या अखेरीस कामगारांच्या सहकारी संस्थेने प्रत्यक्ष चालवायला घेतला. यंगस्टाउनला तेवढीही संधी मिळाली नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: कारखाने जुनाट होते, मजुरी भरमसाट होती, जपानचे पोलाद स्वस्त होते, भावनेने भट्ट्या पेटत नाहीत. कारखाने जुनाट होते, हे अगदी खरे. ओपन हार्थ हे तंत्र एकोणिसाव्या शतकातले. ऑक्सिजनच्या झोतावर पोलाद करण्याची नवी पद्धत ऑस्ट्रियात १९५० च्या दशकाच्या आरंभी सिद्ध झाली आणि जपानने ती तातडीने उचलली. यंगस्टाउनच्या मालकांना ती ठाऊक नव्हती काय? भट्टी बदलण्याचा निर्णय भट्टीवरचा कामगार घेत नाही. ज्या निर्णयात त्याला मत नव्हते त्या निर्णयाची किंमत त्याच्याकडून वसूल करायची आणि वर अर्थशास्त्राचा दाखला द्यायचा, याला आम्ही अर्थशास्त्र म्हणत नाही.

आणि ज्यांची निवृत्ती सुरळीत झाली असे वाटत होते, त्यांचे काय झाले? बेथलेहेम स्टील ही अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाची पोलाद कंपनी. दुसऱ्या महायुद्धात तिच्या गोद्यांतून हजाराहून अधिक जहाजे बाहेर पडली. ती २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ३१ मार्च २००३ रोजी निवृत्त कामगार व त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे ९५ हजार माणसांचे औषधोपचाराचे संरक्षण संपले. निवृत्तिवेतनाचा बोजा आधीच एका सरकारी विमा महामंडळावर ढकलला गेला होता. अशी ओझी उतरवून हलकी झालेली कंपनी विल्बर रॉस नावाच्या गुंतवणूकदाराने दीड अब्ज डॉलरला घेतली, इतर दिवाळखोर कारखान्यांबरोबर तिची मोट बांधली आणि दोन वर्षांच्या आत सारी मोट साडेचार अब्जांच्या सौद्यात लक्ष्मी मित्तल यांना विकून टाकली. आपल्याकडे त्या सौद्याच्या बातम्या राष्ट्रीय अभिमानाच्या सुरात छापल्या गेल्या होत्या. रॉस २०१७ मध्ये अमेरिकेचे व्यापारमंत्री झाले. १९५२ मध्ये सॉयर ज्या खुर्चीत होते, तीच खुर्ची. त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांचे अध्यक्ष ट्रम्प यंगस्टाउनला आले आणि नोकऱ्या परत येत आहेत, घरे विकू नका, असे सांगून गेले. मार्च २०१९ मध्ये शेजारच्या लॉर्ड्सटाउनचा मोटार कारखाना थांबला.

त्या ९५ हजारांत युद्धावर जाऊन आलेले कितीतरी म्हातारे होते. त्यांच्यापैकी ज्याने गणवेशात दुखापत सोसली, त्याला त्या दुखापतीपुरते सरकारी रुग्णालयाचे दार उघडे होते. त्याच माणसाच्या फुफ्फुसात भट्टीची धूळ बसली असेल, तर ती कंपनीची धूळ; आणि कंपनी तर बुडालेली. एकाच छातीतील दोन आजारांना देश दोन न्याय लावतो. रणांगणावर गेलेला देह राष्ट्राचा आणि भट्टीसमोर गेलेला देह बाजाराचा, ही विभागणी कोणी केली? पोलादाशिवाय युद्ध होत नाही, हे तर ट्रुमनच्या हुकुमातच लिहिलेले होते.

म्हणूनच २०२५ च्या सुवर्ण-समभागाकडे आम्ही कुतूहलाने पाहतो. कारखाना बंद करण्यापूर्वी मालकाला बाहेरच्या कोणाची तरी संमती घ्यावी लागते, हे तत्त्व अखेर त्याच यू.एस. स्टीलच्या दप्तरात लिहिले गेले. कायद्याला ते झेपले, बाजार कोसळला नाही, आकाशही जागेवर आहे. पण कारण काय सांगितले? राष्ट्रीय सुरक्षा. पुन्हा सैनिकाचेच नाव. लॅम्ब्रॉस यांना जो हक्क कायद्यात सापडला नव्हता तो आता सापडला. फक्त तो गावाच्या नावावर नाही, कामगारांच्या नावावर नाही, अध्यक्षांच्या हाती आहे. आणि अध्यक्षांची मर्जी पुढल्या निवडणुकीपुरती असते, की पुढल्या भोजनापर्यंत, हे पोलाद कामगारांनी अनुभवानेच शिकावे. त्या समभागाचे आम्ही स्वागत करावे, असे काही स्नेही सुचवितात. स्वागत आम्ही जरूर करू. त्यावरचे नाव तेवढे बदलून आणा.

मॅन यांचे १९९२ मध्ये निधन झाले. कारखाना गेल्यावरही ते घरी बसले नव्हते. यंगस्टाउनमध्ये कामगारांची एक एकजूट मंडळी जमत असे. कोणत्याही युनियनच्या कोणत्याही संपावर मदतीला जाणारी, पगारी नोकर नसलेली. तीत ते अखेरपर्यंत वावरले. ब्रायर हिलची शेवटची झोतभट्टी त्यांच्या मागे पाच वर्षे उभी होती. ती राखून ठेवावी म्हणून गावकऱ्यांनी धडपड केली, पण १९९७ मध्ये ती पाडण्यात आली. तिचे नाव जेनेट. कंपनीच्या एका जुन्या अध्यक्षाच्या मुलीचे ते नाव होते.